खुला दुरुस्ती-दिवस: सायकलच्या छोट्या दुकानाला परवडतो का आणि चालवायचा कसा?

दोनस्टँड (प्रश्न)

सायकल दुरुस्तीचं दुकान. दोन माणसं, दोन स्टँड (सायकल अडकवून दुरुस्त करायचे), कुठल्या कंपनीची एजन्सी नाही. महिन्यातून एकदा तीन तास दुकान आसपासच्या लोकांसाठी खुलं ठेवायचा विचार आहे. ज्याने त्याने आपली सायकल आणायची, हत्यारं दुकानाची वापरायची, आम्ही शेजारी उभं राहून दाखवायचं, मजुरी घ्यायची नाही. परिसरात ओळख वाढावी आणि छापील जाहिरातीवरचा खर्च थांबवता यावा, एवढीच अपेक्षा आहे.

अडलंय ते असं:

1. पैसे देऊन करून घेतलं जाणारं काम याच दिवसाकडे सरकणार नाही का?
2. सामान फुकट, कमी दरात की नेहमीच्या दरात द्यायचं?
3. लोकांनी स्वतः केलेलं काम नंतर बिघडलं, ब्रेक लागला नाही, तर काय?
4. शाळा, क्लब, संस्था अधूनमधून प्रायोजकत्व मागतात. ते आणि हा दिवस एकाच हिशेबात धरायचे का?

पहिल्यापासून नीट बसवायचं आहे. दोन महिने करून गुंडाळायचं असेल तर सुरूच न केलेलं बरं.

---

गल्लाहिशेब

आधी तुमचा एक तास कितीला पडतो ते काढा, बाकीचे प्रश्न त्यातूनच सुटतात.

दोन माणसं, रोज 8 तास, महिन्याला 26 दिवस म्हणजे 416 तास. हे सगळे बिलात लागत नाहीत. गिऱ्हाइकाशी बोलणं, सामान आणणं, झाडलोट, फोन, 'ही सायकल दुरुस्त करण्यात अर्थ आहे का' हे बघणं, यात बरेच जातात. किती जातात याचा अंदाज करू नका. चार आठवडे स्टँडशेजारी वही ठेवा आणि प्रत्येक कामाची सुरुवात-शेवटची वेळ लिहा. समजा बिलात लागलेले 250 तास निघाले. भाडं, वीज, पगार (स्वतःचा धरून; हाच बहुतेकजण विसरतात), विमा, हत्यारांची झीज, कर्जाचा हप्ता या सगळ्याची महिन्याची बेरीज भागिले 250, हा तुमचा तासाचा खर्च. भागाकारात 416 धरले तर दर कमी निघतो आणि भरपूर काम असूनही गल्ला का रिकामा याचा उलगडा होत नाही.

आता खुला दिवस. तीन तास दोन माणसं म्हणजे 6, मांडणी आणि आवराआवर दीड तास दोन माणसं म्हणजे 3. एकूण 9. 250 मधले 9 म्हणजे 3.6 टक्के. हे झालं वाईटात वाईट गणित, म्हणजे ते नऊच्या नऊ तास एरवी बिलात लागले असते असं धरून. वहीवरून आठवड्यातली सगळ्यात मंद वेळ सापडेल, ती निवडलीत तर खरं नुकसान याहून बरंच कमी. मात्र ते हिशेबात 'प्रसिद्धी' या खात्यावर दर महिन्याला लिहा. लिहिलं नाही तर सहा महिन्यांनी 'फुकट जातंय' ही भावना उरते, आणि भावनेशी वाद घालता येत नाही.

याच ओळखीसाठी बरेच दुकानदार सवलत देतात, तिची किंमत पाहा. सामानावर 25 टक्के नफा सुटत असेल आणि 10 टक्के सूट दिली, तर 100 ला विकली जाणारी वस्तू 90 ला जाते, खरेदी 75 चीच राहते, हातात 25 ऐवजी 15. आधीइतकाच नफा मिळवायला 67 टक्के जास्त नग विकावे लागतात. नफा 40 टक्के असला तरी तेवढ्याच सवलतीवर 33 टक्के जास्त विक्री लागते. शिवाय सूट घेऊन गेलेला पुढच्या वेळीही सूटच मागतो.

म्हणून प्रश्न 2 चं उत्तर: सामान नेहमीच्या दरात, एक पैसा कमी नाही. अपवाद ठिगळ, सोल्युशन, तेलाचे थेंब, चिंध्या यांचा. यांचा हिशेब मागत बसण्यात जो वेळ जातो तो त्या वस्तूंहून महाग आहे. मजुरी नाही, सामान पूर्ण दरात, हे एका पाटीवर दारातच लिहा.

प्रश्न 1: सरकतं ते पंक्चर आणि ब्रेक आवळण्याचं काम. तासाच्या खर्चाशी ताडून पाहा, ही कामं मुळात कशीबशी बरोबरीत सुटतात. चाकाचा आउट (डुगडुगणं) काढणं, हबचे (चाकाच्या मधल्या भागाचे) छर्रे बदलणं, बॉटम ब्रॅकेट (पेडलचे दांडे ज्यावर फिरतात तो भाग), पूर्ण सर्व्हिस ही कामं माणूस एका दुपारी शिकून घरी करत नाही. पण चेन मोजायला शिकलेल्या माणसाला ती झिजलेली कळते आणि तो वेळेत येतो.

त्या दिवशी विक्रीचा आग्रह मात्र धरू नका. सायकलमध्ये मोठं काम दिसलं तर कार्डावर लिहा, अंदाजे खर्च लिहा, एकदा सांगा आणि विषय सोडा. दुसऱ्यांदा सांगितलंत की लोकांना तो सापळा वाटतो.

---

छर्रे_आणि_ग्रीस

हिशेब वर आलाच आहे. प्रत्यक्ष दिवस फसतो तो मांडणीत.

किती सायकली. दोन स्टँड, सायकलीला 30 मिनिटं, तीन तास: कागदावर 12 बसतात. शेवटचा अर्धा तास अडकलेल्या सायकलींसाठी मोकळा ठेवा आणि 10 च घ्या. त्यातल्या 7 आधी नाव नोंदवलेल्या, 3 ऐनवेळी आलेल्या. सगळ्या नोंदवून घेतल्या तर रस्त्यावरून जाणारा आत येत नाही, आणि ओळख नेमकी त्याच्याशीच व्हायची असते. काहीच नोंदवलं नाही तर पहिल्या वीस मिनिटांत 15 जण उभे राहतात आणि निम्मे चिडून परत जातात.

कोणती कामं. पंक्चर, हवा, ब्रेकची केबल आवळणं आणि ब्रेक शू बदलणं, चेन साफ करून तेल घालणं, सीट आणि हँडलची उंची. बस. हायड्रॉलिक (तारेऐवजी द्रवाच्या दाबावर चालणारे) ब्रेक, इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी वा मोटर, तडा गेलेली फ्रेम किंवा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), चाकाचा आउट, यांना त्या दिवशी स्पष्ट नाही. नाही म्हणायची यादीही पाटीवर हवी. समोर माणूस उभा असताना नाही म्हणणं जड जातं, पाटी ते काम करते.

सामान, 10 सायकलींसाठी. ठिगळं 20, सोल्युशनच्या लहान ट्यूब 3 (मोठा डबा सारखा उघडा राहिला की त्यातला द्रावक उडतो आणि सोल्युशन चिवट होतं), घासायला पॉलिश पेपर, टाल्कम पावडर, टायर लिव्हर 6, ॲलन की 4, 5 आणि 6 मिलिमीटरच्या प्रत्येकी दोन, पेडलसाठी आणि बऱ्याच चाकांच्या नटांसाठी 15 चा पाना, ब्रेक केबल 4, ब्रेक शूच्या 4 जोड्या, तुमच्याकडे जास्त येणाऱ्या दोन मापांच्या ट्यूब प्रत्येकी 3, चेनचं तेल, चिंध्या, हातमोजे. हवेचा दाब दाखवणारा उभा पंप हवाच. सगळ्या हत्यारांना एकाच रंगाचा पट्टा मारा आणि फळीवर प्रत्येकाची आकृती काढा. रिकामी आकृती दिसली की काय हरवलं ते मोजत बसावं लागत नाही.

लोक कुठे चुकतात.

पंक्चरमध्ये बहुतेक चुका घाईने होतात. सोल्युशन लावलं की ओलं असतानाच ठिगळ चिकटवतात. ते वाळून चमक जाईपर्यंत, साधारण 3 ते 5 मिनिटं, थांबायचं, मग ठिगळ दाबायचं. घासलेला भाग ठिगळापेक्षा मोठा हवा, नाहीतर कडा सुटते. ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोट नव्हे, चिंधी फिरवा. काटा आतच असेल तर चिंधी अडकते, बोट कापतं. आणि भोक कुठे आहे ते वाचायला शिकवा. शेजारी शेजारी दोन भोकं म्हणजे हवा कमी असताना खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली. रिमच्या बाजूला भोक म्हणजे रिमटेप (रिमच्या आतली पट्टी) सरकली, आरीचं (स्पोकचं) टोक लागतंय. इथे कितीही ठिगळं लावा, टेप बदलल्याशिवाय पुन्हा तेच. एवढं कळलं की माणूस त्या दिवसाचं सोनं झालं म्हणतो. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं, तेच वाचायची सवय लावा.

चेनवर तेलाचा फवारा मारू नका, मारू देऊ नका. प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने एक थेंब, पेडल उलटं फिरवायचं, थोडं थांबायचं, मग बाहेरून कोरडं पुसायचं. फवाऱ्याचं तेल रिमवर किंवा डिस्कवर गेलं तर ब्रेक धरत नाही, आणि तेल प्यायलेले डिस्कचे पॅड बहुतेक वेळा फेकावेच लागतात. जाम झालेले नट सैल करायचा पातळ फवारा म्हणजे चेनचं तेल नव्हे, हे मोठ्या अक्षरात लिहा.

चेन मोजायला स्टीलची फूटपट्टी पुरते. पिनच्या मध्यापासून 24 आंतरं मोजायची, नवीन चेनमध्ये ती बरोबर 12 इंच भरतात. 1/16 इंच जास्त भरलं तर चेन बदलायची वेळ आली. 1/8 इंच जास्त असेल तर मागचं फ्रीव्हील किंवा कॅसेटही (मागच्या चाकाची दातेरी चक्रं) झिजलेली असणार, नुसती नवी चेन त्यावर उड्या मारेल.

पेडल: डाव्या बाजूच्या पेडलचे आटे उलटे. हे न सांगता पाना हातात दिला तर क्रँकचे (पेडलच्या दांड्याचे) आटे जातात, आणि ते दुकानाच्या खर्चात.

केबल: ब्रेकच्या बाहेरच्या नळीत तार गुंडाळलेली असते, गिअरच्या नळीत तारा सरळ लांबीत असतात. गिअरची नळी ब्रेकला लावली तर जोरात ब्रेक दाबताना ती फुटून तारा बाहेर येऊ शकतात. दिसायला दोन्ही सारख्याच काळ्या, म्हणून त्या दिवशी गिअरची नळी टेबलावर ठेवूच नका.

शेवटचा नियम, मुलं असतील तर पहिला: एका सायकलवर एका वेळी एकाच माणसाचे हात. एकजण चेन पुसतोय आणि दुसऱ्याने पेडल फिरवलं की बोट चेन आणि दातांच्या मध्ये जातं.

प्रश्न 3. सायकल दाराबाहेर जाण्याआधी तुमच्यापैकी एकाने, मदतीला आलेल्या हौशी माणसाने नव्हे, तीन मिनिटं तपासायची. दोन्ही चाकांचे नट किंवा क्विक रिलीज (पान्याशिवाय चाक सोडवायचा खटका) घट्ट, पंक्चरसाठी उघडलेला ब्रेक परत जोडला (हे सर्रास राहतं), ब्रेक शू रिमला लागतोय आणि टायरला नाही, ब्रेकचा लिव्हर दाबल्यावर हँडलला टेकत नाही, पुढचं चाक पायांत धरून हँडल वळवलं तर सरकत नाही, हवा आहे. कार्डावर तारीख, काय केलं, काय बाकी, तुमची सही. धोका दिसला आणि मालकाला तशीच न्यायची असेल तर कार्डावर 'चालवू नका' लिहून त्याचीही सही घ्या आणि सायकल हातात धरून नेऊ द्या. कार्डाची एक प्रत तुमच्याकडे. विम्याच्या कागदात दुकानाच्या जागेत बाहेरच्या माणसाने तुमची हत्यारं वापरली तर काय, हे विमेवाल्याकडून लेखी विचारून घ्या, तोंडी उत्तरावर जाऊ नका.

---

कोपऱ्यावरचा

वरच्या दोन्हींशी बहुतांशी सहमत. एक मुद्दा मात्र कुणी मांडला नाही: तुमच्याकडे आत्ता पैसे देऊन दुरुस्तीला ठेवलेल्या सायकलींची रांग किती दिवसांची आहे? दहा दिवसांवर गेली असेल तर खुला दिवस ठेवूच नका. ज्याची सायकल आठवडाभर भिंतीला टेकून उभी आहे तो दारावरून जाताना तुम्हाला फुकट पंक्चर शिकवताना पाहणार, म्हणजे एका दिवसात नवी ओळख आणि जुनी कटुता. रांग तीन-चार दिवसांवर आली की सुरू करा.

'परिसराशी नातं' हे जरा हवेतलं बोलणं होतं, म्हणून ठोस सांगतो. चालत दहा मिनिटांच्या अंतरातल्या लोकांची वहीत तीन गटांत यादी करा. पहिला गट, ज्यांच्याकडे सायकली एका जागी उभ्या राहतात: शाळा, वाचनालय, कारखाना, वसाहत. दुसरा, जे तुम्ही करत नाही ते करणारे: वेल्डिंगवाला, रंगवाला, हायड्रॉलिक ब्रेकचं काम करणारं दुसरं सायकल दुकान. तिसरा, ज्यांच्या काउंटरवर दिवसभर लोक येतात ते. पहिल्या गटाकडे पत्रक घेऊन नाही, पंप घेऊन जा. एक तास जागेवर सगळ्यांच्या टायरमध्ये हवा भरून दिलीत तर तिथल्या किती सायकलींचे ब्रेक गेलेत हेही कळतं. दुसऱ्या गटाकडे आधी तुम्ही काम पाठवा, चिठ्ठीवर तुमचं नाव घालून. ते परत पाठवतील की नाही ते तीन महिन्यांत दिसतंच. कमिशन ठरवू नका, कमिशन आलं की गिऱ्हाइकाला शिफारशीवर विश्वास उरत नाही.

प्रश्न 4: वेगळं खातं, नक्की. वर्षाच्या सुरुवातीला एक आकडा ठरवा आणि चार तिमाहींत वाटा. तिमाहीत जो आधी लेखी मागेल त्याला, रोख नाही, कामाच्या तासांत किंवा वस्तूत. शाळेच्या सायकल सहलीला पैसे देण्यापेक्षा आदल्या दिवशी चार तास जाऊन सायकली तपासून द्या. तिमाहीचा वाटा संपला की 'पुढच्या तिमाहीत पहिलं नाव तुमचं' असं सांगता येतं, आणि ते खरंही असतं. नियम सगळ्यांना सारखा असला की नकाराचा राग माणसावर येत नाही.

दिवस कोणता तेही महत्त्वाचं. 'महिन्याचा दुसरा शनिवार' असं ठरवा, 'महिन्यातून एकदा' असं नको. तारीख हलली की लोक विचारायचं सोडून देतात. आणि वर्षभर चालवू असं जाहीर करू नका. सहा वेळा असं जाहीर करा, सहाही पाळा, मग पुढचं बघा. पाऊस असो, दोनच माणसं येवोत, दार उघडं हवं.

अवांतर: ज्यांना मूळ कल्पना पाहायची आहे त्यांच्यासाठी, मार्टिने पोस्टमा यांनी 18 ऑक्टोबर 2009 ला ॲमस्टरडॅममध्ये पहिला रिपेअर कॅफे (लोकांनी मोडक्या वस्तू आणून मदतीने दुरुस्त करायचा मेळावा) भरवला. तिथे दुरुस्ती करणारे स्वयंसेवक असतात. दुकानाने ती पद्धत जशीच्या तशी उचलू नये, कारण तुमच्या दारावर पाटी आहे आणि चूक झाली की लोक त्याच पाटीकडे परत येणार.

---

दोनस्टँड

मोजमापं आजच वहीत उतरवून घेतली. रांग सध्या पाच दिवसांची आहे, म्हणजे आधी ती उपसतो.

तीन उपप्रश्न. हा दिवस चालतोय की नाही हे कशावरून ठरवायचं? फोनवरचा ग्रुप काढावा का? आणि लोक जुन्या सायकली 'घ्या, कुणाला तरी द्या' म्हणून आणतील, त्यांचं काय?

---

गल्लाहिशेब

किती लोक आले हे मोजून काही कळत नाही, फुकट म्हटलं की येतातच. बिलावर एक रकाना वाढवा, 'कुठून कळलं', आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारा. खुल्या दिवसानंतरच्या 60 दिवसांत त्या रकान्यात किती बिलं आली आणि त्यातून मजुरी किती मिळाली, हे 9 तासांच्या खर्चासमोर मांडा. पहिल्या दोन महिन्यांत ते बसणार नाही, म्हणून निकाल सहाव्या वेळेनंतर. तोवर एकच इशारा पाहायचा: तेच सात-आठ जण दर महिन्याला येत असतील तर तो त्यांचा क्लब झाला. त्यातल्या दोघांना शिकवणाऱ्यांच्या बाजूला घ्या, त्यांच्या जागा नव्यांना द्या.

आलेल्यांनी उधारी मागितली तर ओळख वाढली म्हणून मर्यादा वाढवू नका. नियम दुकानात जो आहे तोच.

---

कोपऱ्यावरचा

ग्रुप काढा, पण फक्त दुकानालाच लिहिता येईल असा. महिन्याला दोनच संदेश: आठवडा आधी दिवसाची आठवण आणि नंतर एखादी उपयोगी टीप. सगळ्यांना लिहायची मुभा दिलीत की पंधरा दिवसांत शुभेच्छांचा पूर येतो आणि लोक आवाज बंद करून ठेवतात. नंबर घेताना कार्डावरच 'कळवलेलं चालेल का' असा चौकोन ठेवा, खूण नसेल तर घालू नका. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय टाकू नका.

---

छर्रे_आणि_ग्रीस

जुन्या सायकली: तोंडी 'घ्या' वर घेऊ नका. फ्रेमचा नंबर, बहुतेक सायकलींवर तो बॉटम ब्रॅकेटच्या खाली कोरलेला असतो, देणाऱ्याचं नाव आणि 'ही माझी आहे, देत आहे' अशी सही. नंबर खरवडलेला असेल तर सरळ परत. चोरीची सायकल दुकानात सापडली तर सगळ्या ओळखीवर पाणी.

जागा किती आहे त्यावर आधीच आकडा ठरवा, एका वेळी तीनच वगैरे. त्याहून जास्त ठेवल्या की त्या भंगार होतात आणि काम करायची जागा खातात. घेतलेली सायकल दोन खुल्या दिवसांत चालती झाली नाही तर सुटे भाग काढून घ्या: चाकं, क्रँक, सीटचा दांडा, हँडल. जुने ब्रेक शू, केबल आणि झिजलेली चेन मात्र पुन्हा कुणाच्या सायकलवर चढवू नका, सराव करायला मात्र त्या उत्तम. चाक काढायला आणि पंक्चर काढायला शिकवण्यासाठी एक मोडकी सायकल कायमची टेबलाशेजारी ठेवा. नवखा माणूस स्वतःच्या सायकलला पाना लावताना घाबरतो, तिच्यावर हात बसला की मग लावतो.